चेकरकाकांचं नापास मंडळ

चेकरकाका बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला संख्याशास्त्रात नापास झाले तेव्हा त्यांचं वय होतं त्रेपन्न आणि मार्क होते एकोणीस. पास व्हायला चाळीस लागत होते.

चेकरकाका हे त्यांचं खरं नाव नव्हे. अठ्ठावीस वर्षं ते शहरातल्या बसगाड्यांमध्ये तिकीट तपासनीस होते. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि बारावीनंतर सुटलेलं शिक्षण पुरं करायचं म्हणून विद्यापीठात नाव घातलं. त्यांना पेपर वाचत घरी बसणं जमणारं नव्हतं आणि बायकोलाही ते घरी बसणं परवडणारं नव्हतं, कारण ते बसल्या बसल्या तिच्या शिलाईत चुका काढायचे. वर्गातल्या पोरांनी पहिल्याच आठवड्यात त्यांना हे नाव चिकटवलं. कारण कुणी हातात कागद दिला, मग ती टिपणं असोत की कॅंटीनचं कुपन, काका तो आधी उजेडाकडे धरायचे, मागून पुढून बघायचे आणि मगच वाचायचे.

निकालाच्या दिवशी उत्तीर्णांची यादी फलकावर लागली. काकांनी आपला नंबर वरून खाली शोधला, मग खालून वर शोधला. दोन्हीकडून तो नव्हता. खिडकीवरच्या माणसाने मार्कांची चिठ्ठी दिली तेव्हा त्यांनी ती सवयीने उजेडाकडे धरली. एकोणीस हा आकडा मागच्या बाजूनेही स्पष्ट दिसत होता.

घरी बायको शिवणयंत्रावर होती. पुढच्या खोलीत तिची दोन यंत्रं होती आणि गेली सहा वर्षं विद्यापीठाच्या पदवीदानाचे काळे झगे शिवायचं काम तिच्याकडे होतं. त्यामुळे खोलीत जिकडेतिकडे काळं कापड, आणि काकांना त्या दिवशी ते जरा जास्तच काळं वाटलं.

"लागला का निकाल?" तिने दातांत टाचण्या धरूनच विचारलं.

"राखून ठेवलाय," काका म्हणाले.

"का?"

"तांत्रिक कारण."

"बरं," ती म्हणाली आणि यंत्र पुढे चालू केलं.

आता काका आयुष्यात खोटं फारसं बोललेले नव्हते. खोटं पकडणं हाच त्यांचा धंदा होता. त्यामुळे स्वतः एक बोलल्यावर ते इतक्या सहज पचलं याचं त्यांना नवल वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं. अठ्ठावीस वर्षांत त्यांच्यासमोर असं कुणी निसटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा त्या फलकापाशी जाऊन उभे राहिले. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. तिथे एक मुलगी उत्तीर्णांची यादी वाचत होती. एकेका नावावर थांबत होती, कौतुकाने मान हलवत होती, जणू ते दोनशे चौदा जण तिच्या सख्ख्या नात्यातले. काकांनी तिला दोन मिनिटं न्याहाळलं आणि जवळ जाऊन हळूच विचारलं, "किती?"

"काय किती?"

"मार्क."

मुलीचा चेहरा उतरला. "अडतीस. संख्याशास्त्र. तुम्हाला कसं कळलं?"

"बिनतिकिटाचा माणूस खिडकीबाहेर जरा जास्त मन लावून बघतो," काका म्हणाले. "मी एकोणीस."

आपण हे कुणाला तरी सांगून बसलो हे त्यांना सांगितल्यावर कळलं. आणि गंमत म्हणजे छातीवरचा धोंडा थोडा सरकला. मुलगी म्हणाली की ती फेरमोजणीचा अर्ज करणार आहे, दोन मार्क कुठेतरी पडले असणारच. ती हे त्या दिवशी चारदा म्हणाली आणि पुढच्या आठवड्यात रोज म्हणत राहिली. म्हणून तिचं नाव फेरमोजणी पडलं.

आठ दिवसांत काकांनी आणखी पंधरा जण हुडकून काढले; ते दोघे धरून सतरा झाले. कुणी फलकासमोर मोबाइलवर न आलेला फोन घेत होता, कुणी मित्राचा निकाल बघायला आलो म्हणत होता. एक ताडमाड उंच पोरगा होता, लंबू. तो तर फलकाकडे पाठ करून उभा होता आणि समोरच्या झाडाची पानं मोजत होता. तो कायद्याच्या पेपरात गेला होता. काकांनी एकालाही दुखावलं नाही. नुसतं बाजूला उभं राहायचं आणि आधी आपला आकडा सांगायचा. एकोणीस ऐकलं की समोरच्याला आपोआप धीर यायचा.

सतरा जणांनी ठरवलं, एकत्र बसून अभ्यास करायचा. बसायचं कुठे, तिथे घोडं अडलं. ग्रंथालयात बोलायला बंदी. कॅंटीनवाला म्हणाला, काहीतरी मागवा नाहीतर उठा. जिन्यावर बसले तर सुरक्षारक्षक आला. "आग लागली तर लोक पळणार कुठून?" त्याने विचारलं. लंबूने त्याला विचारलं की आग कधी लागणार आहे, आणि त्या दिवसापासून तो जिनाही बंद झाला. शेवटी कुणीतरी माहिती आणली की विद्यापीठ खोली देतं, पण फक्त मान्यताप्राप्त विद्यार्थी मंडळाला. मग काका विद्यार्थी कल्याण विभागात जाऊन उभे राहिले.

तिथल्या आवक-जावक बाई म्हणजे एक प्रस्थ होतं. टेबलावर तीन शिक्के, दोन शाया, आणि काचेखाली एक कागद, ज्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं होतं: "अर्ज वाचून मग बोलावे."

"मंडळ कसलं?" बाईंनी विचारलं.

"अभ्यासाचं."

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "इथे गिर्यारोहणाचं आहे, नाटकाचं आहे, फुलपाखरं मोजणाऱ्यांचंसुद्धा आहे. अभ्यासाचं अजून कुणी मागितलं नव्हतं. अर्ज तीन प्रतींत. किमान पंधरा सभासद, मंडळाची घटना, एक मार्गदर्शक प्राध्यापक. आणि ही नियमावली, अकरा पानं."

"एवढं सगळं लागतंच का?"

"नियम म्हणजे नियम," बाई म्हणाल्या.

काका चपापले. हे वाक्य त्यांनी आयुष्यात काही हजार वेळा उच्चारलं होतं, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची पहिलीच वेळ. ऐकायला ते इतकं वाईट लागतं हे त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेलही. त्यांनी ऐकून घेतलं नसेल.

पहिल्यांदा अर्ज परत आला कारण कागदांना टाचणी लावली होती, तिथे स्टेपल हवी होती. दुसऱ्यांदा शाई निळी होती. तिसऱ्यांदा 'मंडळाचा उद्देश' हा मजकूर चौकटीबाहेर गेला होता. पोरं वैतागली. काका मात्र दर खेपेला बाईंबद्दल अधिकच आदर बाळगून परत येत. "बाई आमच्या खात्यात हव्या होत्या," ते म्हणायचे. चौथ्या वेळी बाईंनी अर्ज घेतला, वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात '७ (क) पाहावे' असं लिहिलं आणि आवक शिक्का मारला. काकांना वाटलं तो फायलीचा नंबर असावा. प्रत्येक कागद उजेडाकडे धरणाऱ्या माणसाने नेमका तोच एक कागद तसाच पुढे जाऊ दिला.

अर्जाला जोडायची घटना त्याआधीच लंबूने लिहिली होती. तो कायद्यातच नापास झालेला असल्यामुळे त्याला अनुभव आहे असं सगळ्यांचं मत पडलं. कलम एक, नाव: नापास मंडळ. यावर तास गेला. कुणी 'जिद्द' सुचवलं, कुणी 'भरारी', पण फेरमोजणी म्हणाली की भरारी नावाचं मंडळ बघून नापास माणूस आत येणारच नाही, त्याला वाटेल हे हुशार पोरांचं आहे. कलम तीन, सभासदत्व: निदान एका विषयात नापास असलेलीच व्यक्ती सभासद होऊ शकेल आणि पास होताच तिचं सभासदत्व आपोआप रद्द होईल. पास झालेल्यांनी येऊन उपदेश करू नये एवढाच त्यामागचा हेतू होता. अध्यक्ष म्हणून काकांचं नाव बिनविरोध आलं. वयाने मोठे आणि मार्कांनी सगळ्यात लहान, अशी दुहेरी पात्रता दुसऱ्या कुणात नव्हती.

मार्गदर्शक प्राध्यापक मात्र तेव्हा कुणी मिळेना. एकाने सांगितलं वेळ नाही, दुसऱ्याने सांगितलं तब्येत नाही, तिसऱ्याने मंडळाचं नाव ऐकून दोन्ही नाही म्हणून सांगितलं. तेव्हा काका उठले आणि थेट संख्याशास्त्राच्या सरांकडे गेले. सरांची खोली मार्गिकेच्या अगदी टोकाला होती. आत एक टेबल, एक खुर्ची सरांची आणि एक पाहुण्यांची. पाहुण्यांच्या खुर्चीवर पुस्तकांचा ढीग होता आणि त्या ढिगावर धूळ.

"सर, तुम्ही मला नापास केलंत," काका म्हणाले.

"आठवतंय," सर म्हणाले. "एकोणीस. सरासरीच्या गणितात तुम्ही उत्तर काढलं नव्हतं, पण खाली सही केली होती."

"सवय आहे."

"सही चांगली होती. तिला मार्क देता येत नव्हते."

काकांनी अर्ज पुढे ठेवला. "आम्ही सतरा जण आहोत. त्यातले अकरा तुमचे. एवढ्यांना तुम्हीच इथवर आणलंत, तर पुढचंही तुम्हीच बघा."

सरांनी घटना शांतपणे वाचली. कलम तीनशी आले तेव्हा त्यांच्या ओठांचा कोपरा जरा हलला. मग ते म्हणाले, "या खोलीत मार्क वाढवून मागायला खूप जण आले. गणित विचारायला अकरा वर्षांत कुणी आलं नाही." आणि तिन्ही प्रतींवर सही केली. शाई काळी होती. सरांनी नियमावली वाचलेली दिसत होती.

अर्जावर शिक्का बसला, सगळं जमत आलं असं वाटत असतानाच बाईंनी पुढचं पाऊल सांगितलं. सभासदांची यादी मंडळाच्या नावासकट मुख्य फलकावर पंधरा दिवस लावायची. खाली छापील मजकूर: कोणासही आक्षेप असल्यास लेखी कळवावे. मगच समितीपुढे सुनावणी.

हे ऐकल्यावर सतरापैकी आठ जणांना अचानक कामं निघाली. एकाच्या मावशीची तब्येत बिघडली, दुसऱ्याला क्लास लागला. 'नापास मंडळ' आणि खाली आपलं नाव, तेही मुख्य फलकावर, जिथून आख्खं विद्यापीठ ये-जा करतं. लंबू म्हणाला, "काका, माझी आत्या इथे प्रयोगशाळेत आहे. घरी मी पास आहे."

"मीही," काका म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"निकाल राखून ठेवलाय असं सांगितलंय," काका म्हणाले. "माझी बायको दर बुधवारी झग्यांचे गठ्ठे घेऊन याच फलकावरून भांडारात जाते. यादीत पहिलं नाव माझं असणार आहे. घालायचं का नाही?"

मग फेरमोजणीने लंबूच्या हातातून पेन काढून घेतलं आणि दुसऱ्या क्रमांकावर सही केली. तिच्यामागून लंबूने केली. मावशी बरी झाली, क्लास सुटला. सतराच्या सतरा सह्या झाल्या.

इतरांना धीर दिला खरा, पण काकांनी स्वतः घरी अजून काही सांगितलं नव्हतं. सोमवारी यादी लागली. बुधवारी सकाळपासून ते फलकाला पाठ लावून उभे राहिले. बरोबर अकरा वाजता बायको आली. मागे हातगाडीवर दोन गठ्ठे.

"इथे काय करताय?"

"उभा आहे. गुडघ्याला बरं वाटतं."

"पाठीला टाचण्या टोचतायत तुमच्या. सदरा फाटेल. सरका."

तिने त्यांना दंडाला धरून बाजूला केलं, सदरा झटकला आणि मग समोर आलं ते वाचलं. मंडळाचं नाव वाचलं. पहिलं नाव वाचलं. मग घाई न करता सतराच्या सतरा नावं वाचली आणि खालचा छापील मजकूरही वाचला.

"हं," ती म्हणाली. "भांडारात गठ्ठे मोजून घ्यायला कोणी आहे का आज?"

"असेल."

ती निघून गेली. घरी गेल्यावर काही होईल म्हणून काका वाट बघत राहिले. काही झालं नाही. जेवण वेळेवर, बोलणं नेहमीचं: काळा दोरा महाग झालाय, यंत्राचा पट्टा सैल झालाय. दोन दिवस झाले, तीन झाले. काकांची झोप उडाली. पूर्वी बसमध्ये एखाद्याला पकडलं की ते दंडाची पावती फाडण्याआधी मुद्दाम थोडा वेळ गप्प उभे राहायचे. ती युक्ती तिने कधी उचलली कोण जाणे.

सोमवारी आवक-जावक बाईंनी बोलावणं धाडलं. "तुमच्या मंडळावर आक्षेप आलाय," त्या म्हणाल्या. "मी इथे सोळा वर्षं आहे. पहिलाच. आक्षेपांचं रजिस्टर शोधायला मला अर्धा दिवस लागला."

काकांनी कागद घेतला. उजेडाकडे धरायची गरज पडली नाही. अक्षर ओळखीचं होतं. झग्यांच्या मापांची वही याच अक्षरात होती.

"अनुक्रमांक एक यांनी 'निकाल राखून ठेवला आहे' असे घरी सांगितले. ज्यांना स्वतःचे नापास होणे स्वतःच्या घरात सांगता येत नाही, त्यांनी नापासांचे अध्यक्ष व्हावे का, याचा विचार व्हावा."

"मागे घ्यायला सांगा ना त्यांना," बाई हळू आवाजात म्हणाल्या. त्यांचा आवाज हळू होऊ शकतो हे काकांना त्या दिवशी कळलं. "पण लेखी सांगा."

काका तरातरा घरी गेले. बायको झग्याला बाही जोडत होती.

"तू आक्षेप घेतलास."

"घेतला. कोणासही आक्षेप असल्यास कळवावे, असं लिहिलं होतं."

"मला घरी विचारायचंस."

"घरी विचारलं होतं," ती म्हणाली. "तांत्रिक कारण म्हणालात."

काका खुर्चीवर बसले. मग त्यांनी विचारलं, "तुला कळलं कधी?"

"त्याच दिवशी. अहो, नळाला पाणी एक तास उशिरा आलं तर तुम्ही अर्ज घेऊन कचेरीत जाता. तुमचा निकाल कुणी राखून ठेवला असता, तर तुम्ही त्या खिडकीवरून हलला असतात का?" तिने दोरा तोडला. "मार्क किती, ते नापास मंडळातल्या सगळ्यांना माहीत. मला फलकावरून कळायचं?"

"चुकलं," काका म्हणाले.

"मग आक्षेप मागे घेतेस का, असं विचारू नका."

"नाही विचारत," काका म्हणाले. त्यांना तेच विचारायचं होतं.

सुनावणीच्या दिवशी समितीच्या खोलीत सतरा सभासद, सर, आवक-जावक बाई आणि आक्षेपकर्ती म्हणून बायको, असे सगळे भिंतीला टेकून बसले. टेबलामागे कल्याण विभागाच्या संचालक मॅडम होत्या आणि शेजारी कुलसचिवांचा प्रतिनिधी, जो दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होता.

"आधी नाव," प्रतिनिधी म्हणाला. "विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मंडळांची यादी असते. गिर्यारोहण, नाट्य, फुलपाखरं आणि नापास. बरं दिसतं का?"

"पुनर्परीक्षार्थी अध्ययन मंडळ चालेल?" सर म्हणाले.

हे नाव कुणालाच उच्चारता आलं नाही, त्यामुळे ते लगेच मंजूर झालं.

"आता दुसरं," मॅडम म्हणाल्या. "बाईंनी शेरा मारलाय. नियम सात, पोटनियम क. मंडळाचा अध्यक्ष कोणत्याही विषयात अनुत्तीर्ण नसावा. आणि तुमच्या घटनेचं कलम तीन म्हणतं की सभासद नापासच हवा."

काकांनी हळूच बाईंकडे पाहिलं. बाईंनी काचेतून पाहावं तसं त्यांच्या आरपार पाहिलं. कोपऱ्यातल्या त्या बारीक अक्षरांचा अर्थ आत्ता कुठे लागला.

"म्हणजे तुमच्याकडे अध्यक्षपदाला पात्र असा एकही माणूस नाही," प्रतिनिधी म्हणाला.

"पात्र असता तर तो सभासद नसता," लंबू म्हणाला.

मॅडमनी चष्मा काढला, पुसला आणि उगाचच पुन्हा पुसला. "आक्षेपाचं काय?"

बायको उभी राहिली. पदर नीट केला. "मंडळावर माझा काही आक्षेप नाही," ती म्हणाली. "मंडळ चांगलंच आहे. हे घरी महिनाभर पुस्तक उघडून बसायचे आणि पान उलटायचे नाहीत. मंडळ झाल्यापासून पानं उलटतायत. माझा आक्षेप अध्यक्षावर आहे. यांना पुढच्या बाकावर बसवू नका. पुढे बसलं की हे तपासायला लागतात. यांना मागे बसवा, म्हणजे शिकतील."

काकांनी खाली मान घातली. सरांनी मात्र मान डोलावली. हे निरीक्षण त्यांना शास्त्रशुद्ध वाटलं असावं.

"पण मग अध्यक्ष कोण?" प्रतिनिधीने घड्याळ बघत विचारलं.

काकांची नजर सवयीने सभासदांवरून फिरली आणि फेरमोजणीवर येऊन थांबली. ती खिडकीबाहेर बघत होती. फार मन लावून बघत होती. गेले चार दिवस ती अशीच बघत होती, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं.

"किती?" काकांनी हळूच विचारलं.

फेरमोजणीचे डोळे भरून आले. "बेचाळीस," ती म्हणाली. "चार मार्क बेरजेत राहिले होते. सोमवारीच पत्र आलं. मी सांगणार होते. पण कलम तीन आहे ना. मला मंडळातून जायचं नाहीये."

पोरं तिच्याकडे अशी बघायला लागली, जणू तिने त्यांच्या पाठीत सुरा खुपसला. लंबूने तर "कधीपासून पास आहेस तू?" असं विचारलं, आणि त्याचा स्वर ऐकून मॅडमना खोकल्याची उबळ आली.

मग पुढचं भराभर झालं. आवक-जावक बाई कुणी न सांगता उठल्या, टेबलाशी आल्या आणि म्हणाल्या, "कलम तीनमध्ये 'नापास असलेली' खोडून 'एकदा तरी नापास झालेली' केलं आणि रद्द होण्याचं वाक्य काढलं, तर नियमात बसतं. तिन्ही प्रतींवर, काळ्या शाईत, खाडाखोडीशेजारी सही." त्यांनी पेनही बरोबर आणलं होतं. असं दिसत होतं की ही दुरुस्ती त्यांच्या मनात अर्ज आला त्या दिवसापासूनच होती आणि कुणीतरी सात क वाचून विचारायला यावं याचीच त्या वाट बघत होत्या.

फेरमोजणी अध्यक्ष झाली. मॅडमनी काकांना विचारलं, "तुम्हाला कोणतं पद?"

"मागचा बाक," काका म्हणाले.

"आक्षेप मागे घेता?" त्यांनी बायकोला विचारलं.

"घेते," ती म्हणाली. "लेखी देऊ का?"

"हो," आवक-जावक बाई म्हणाल्या.

मान्यतेचं पत्र तीन आठवड्यांनी आलं. खोली मिळाली ती व्यायामशाळेच्या मागची, जिथे मोडक्या खुर्च्या टाकायचे. त्यातल्या निम्म्या बसण्यालायक निघाल्या. सर मंगळवारी आणि शुक्रवारी यायला लागले. सुरुवातीला ते फळ्याकडे तोंड करून बोलायचे, हळूहळू पोरांकडे वळले. काकांना सरासरी कधीच उमगली नव्हती. एका शुक्रवारी सरांनी त्यांना विचारलं की एका बसमध्ये साधारण किती फुकटे सापडायचे. काकांनी न थांबता सांगितलं: सकाळी तीन, दुपारी एक, संध्याकाळी पाच, शनिवारी जास्त. "हे तुम्ही कसं काढलंत?" सरांनी विचारलं. काका म्हणाले, काढलं कुठे, ते माहीतच आहे. मग सरांनी ते सगळं फळ्यावर मांडलं आणि काका मागच्या बाकावर पहिल्यांदाच गप्प बसले.

पुढच्या परीक्षेत उरलेल्या सोळापैकी दहा जण सुटले. लंबूही सुटला. काकांना सदतीस मिळाले. ते घरी गेले आणि पायातले बूट काढायच्या आधीच दारातून म्हणाले, "सदतीस. गेलो."

बायकोने यंत्र थांबवलं. "फेरमोजणीचा अर्ज करताय?"

"नाही. सरांनी पेपर दाखवला. बेरीज बरोबर आहे."

"मग हातपाय धुऊन घ्या," ती म्हणाली, आणि त्या संध्याकाळी तिने यंत्र बंद ठेवून त्यांच्याकडून त्या पेपरातलं एक गणित समजावून घेतलं. ते तिला समजलं नाही. पण समजावता समजावता आपलं कुठे चुकलं ते काकांना समजलं.

तिसऱ्या खेपेला सेहेचाळीस आले. तोवर मंडळात एक्केचाळीस सभासद झाले होते. गिर्यारोहण मंडळाचा अध्यक्षही त्यांत होता. तो भूगोलात नापास झाला आणि नियम सात (क) प्रमाणे त्याचं पद गेलं. सरांना सगळ्यांकडे बघणं जमेना, म्हणून त्यांनी शुक्रवारची नवी तुकडी काकांच्या हवाली केली. काका समजावतात हळू, म्हणून पोरांना समजतं, असं सरांचं म्हणणं होतं.

पहिल्याच शुक्रवारी काकांनी फळ्यावर आपले तिन्ही निकाल एकाखाली एक लिहिले. समोर पंधरा-वीस नवी पोरं बसली होती, अजून एकमेकांकडे न बघता. शेवटी एका मुलीने हात वर केला.

"काका, शेवटचे सेहेचाळीस मिळवायला तुम्ही नेमकं काय केलंत?"

काकांनी थोडा विचार केला.

"तीनदा पेपर दिला," ते म्हणाले.

पोरांनी ते वहीत उतरवून घेतलं.